पूर्ववृत्त आणि वर्दी

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कर्नाटकाच्या सीमेजवळ, उमरगा हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव वसलें आहे. पावसाचा भरंवसा नसलेल्या या मुलखांत ज्या घरीं जमीन थोडी व खाणारीं तोंडें अधिक, त्या घरच्या तरुणास सरकारी नोकरी हाच मोठा आधार वाटतो. आणि त्यांतही पोलीस शिपायाची जागा, शरीर कमावलें व अभ्यास केला कीं आवांक्यांत येईल अशी, म्हणून अधिक प्रिय. शारीरिक चांचणी व लेखी परीक्षा यांतून उमेदवार पार पडला, कीं त्याच्यापुढें एक छापील कागद येतो. त्यास साक्षांकन नमुना म्हणतात. त्यांत विचारलेलें असतें, कीं उमेदवारास कधीं अटक झाली होती काय, त्याच्यावर कधीं खटला झाला होता काय ? ज्याच्या खिशांत सतराव्या वर्षीं गांजाची पुडी सांपडली होती, अशा तरुणाची लेखणी या रकान्यापाशीं थबकते. त्या थबकण्यामागें सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

या इतिहासाचा एक धागा पोलीस खात्याचा. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८६१ सालीं पोलीस कायदा झाला. उमरग्याचा प्रदेश मात्र तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. तेथें सालारजंग यांनीं १८६५ च्या सुमारास जिल्हेवार कारभाराची घडी बसविली. ब्रिटिश मुलखांतील पोलिसांची चौकशी करण्यासाठीं १९०२ सालीं सर अँड्र्यू फ्रेझर यांचें मंडळ नेमण्यांत आलें. खात्यांत लांचलुचपत व नालायकी माजली आहे, असा कडक अभिप्राय त्यानें दिला आणि भरतींत अधिक काळजी घेण्यावर भर दिला. ज्याच्या हातीं दंडुका द्यावयाचा त्याचें पूर्ववृत्त आधीं तपासावें, ही दृष्टि अशा अनुभवांतूनच बळावली.

दुसरा धागा गांजा-अफूचा, आणि तो अधिक विस्मयकारक आहे. आज ज्या पुडीमुळें तरुणाचें भवितव्य टांगणीला लागतें, ती पुडी एके काळीं सरकारी परवान्याच्या दुकानांत मिळत असे. १८९३-९४ सालीं डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं एका मंडळानें भांग, गांजा व चरस यांची चौकशी केली. शेंकडों साक्षी नोंदवून त्यानें सात खंडांचा अहवाल दिला. बेताच्या सेवनापासून सहसा अपाय होत नाहीं, सरसकट बंदी नको, परवाने व कर यांनीं आळा घालावा, असा त्याचा निष्कर्ष होता. गांजा ओढणाऱ्यास समाज नांवें ठेवी. पण परवान्याच्या दुकानांतून घेऊन ओढणारा कायद्याच्या लेखीं गुन्हेगार नव्हता.

१९३० च्या कायद्यानें अशा पदार्थांच्या व्यापारावर मध्यवर्ती नियंत्रण आलें. पुढें १९६१ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि औषधी उपयोग वगळतां गांजा बंद करण्यास हिंदुस्थानासारख्या देशांना पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली असतां १९८५ सालीं अंमली पदार्थांचा नवा कायदा संमत होऊन त्याच वर्षाच्या १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. एव्हांना उमरग्यानेंही तीन राज्यें पाहिलीं होतीं : १९४८ त निजामी राजवट संपली, १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि १९६० त महाराष्ट्र झाला. आजोबांच्या काळीं जी केवळ खोड होती, ती नातवाच्या काळीं गुन्हा ठरली.

या कायद्यालाही सर्व अपराध सारखे वाटत नाहींत. २००१ च्या दुरुस्तीनें साठ्याच्या प्रमाणावर शिक्षा बेतली गेली. गांजाचें अल्प प्रमाण एक किलोपर्यंत धरतात, व वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण सुरू होतें. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी प्रमाणाला निदान दहा वर्षें. व्यसनाधीन माणूस आपण होऊन उपचारासाठीं पुढें आला, तर सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या आरोपांतून त्याची सुटका होण्याची सोयही तेथें आहे. विकणारा व वाट चुकलेला यांत कायदा स्वतःच भेद करतो.

तिसरा धागा बाल्याचा. मुंबई इलाख्यांत १९२४ सालींच मुलांसाठीं स्वतंत्र कायदा झाला होता. १९८६ च्या देशव्यापी कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलगा बाल ठरविला. २००० सालीं ही मर्यादा अठरांवर गेली. अपराध शाबीत झाला तरी त्याची अपात्रता मुलास पुढें चिकटूं नये व त्याची नोंद ठराविक मुदतीनंतर नष्ट व्हावी, असें तत्त्व या कायद्यांत आलें, व २०१५ च्या कायद्यानेंही तें कायम ठेविलें. अपवाद इतकाच, कीं सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण अपराधासाठीं प्रौढाप्रमाणें खटला चालून तो दोषी ठरला, तर ही सवलत मिळत नाहीं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा अपराध हा कायदा क्षुल्लक मानतो; अर्थात् पुडीचा अपराध त्यांतच मोडतो.

हे तिन्ही धागे अखेर सर्वोच्च न्यायालयांत एकमेकांत गुंतले. १९९६ सालीं सुशील कुमार यांच्या प्रकरणांत, निर्दोष सुटलेल्या माणसाचेंही पूर्ववृत्त पाहून त्यास शिपायाची जागा नाकारतां येते, असा निर्णय झाला. २०११ सालीं संदीप कुमार यांच्या प्रकरणांत सूर पालटला. तरुण वयांत हातून चुका होतात, त्यांचा शिक्का जन्मभर मारूं नये, असें सांगतांना न्यायमूर्तींनीं व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरींतील पाव चोरणाऱ्या जाँ व्हाल्जाँचें स्मरण केलें. दोनच वर्षांनीं मेहर सिंग यांच्या प्रकरणांत, पोलीस दल निष्कलंक असावें, संशयाचा फायदा मिळून सुटणें पुरेसें नाहीं, असें पुन्हा ठासून सांगण्यांत आलें.

या दोन सुरांचा मेळ घालण्याचें काम २०१६ च्या जुलैमध्यें अवतार सिंग यांच्या प्रकरणांत तीन न्यायमूर्तींनीं केलें. उमेदवारानें दिलेली माहिती खरी असावी व कांहींही दडवूं नये, हा पहिला नियम. कोवळ्या वयांतील घोषणाबाजी किंवा तसाच क्षुल्लक अपराध दडविला गेला असेल, तर तें क्षम्य मानण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्यास आहे. उलट, सर्व कांहीं खरें सांगितलें तरी पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो. शिवाय विचारलेला प्रश्न स्पष्ट हवा. जें विचारलेंच नाहीं तें दडविल्याचा आरोप करतां येत नाहीं. पुढें २०१९ सालीं रमेश बिष्णोई यांच्या प्रकरणांत न्यायालयानें बालपणीच्या अपराधाचा प्रश्न सोडविला. तो अपराध अंमली पदार्थांचा नव्हता, पण तत्त्व तेंच : अल्पवयांतील आरोपावरून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलांतील नेमणूक नाकारतां येत नाहीं.

इतर देशांसही हें कोडें सुटलेलें नाहीं. इंग्लंडांत १९७४ च्या कायद्यानें जुन्या शिक्षा कांहीं वर्षांनीं विस्मृतींत जमा होतात, तरी पोलीस भरतीस ही विस्मृति लागू नाहीं. ज्याला इतरांचे गुन्हे शोधावयाचे त्याच्याकडून अधिक मागणें अन्यायाचें नव्हे. पण ज्या राज्यानें मुलाची नोंद पुसण्याचें वचन दिलें, त्यानेंच दुसऱ्या हातानें ती उकरून काढणें हेंही न्यायाचें नव्हे.

म्हणून उमरग्याच्या त्या तरुणानें रकान्यापुढें थबकतांना वयाचा हिशेब आधीं करावा. पुडी सांपडली तेव्हां अठरा वर्षें पुरीं झालीं नव्हतीं, तर कायदा त्याच्या पाठीशीं आहे. झालीं असलीं, तर खरें लिहिल्यानें नेमणुकीची हमी मिळत नाहीं. पण आशेला जागा राहते. खोटें लिहिणारा मात्र पोरवयांतील चुकीला जाणत्या वयांतील अपराध जोडतो, आणि तो अज्ञानाच्या सबबीनें झांकतां येत नाहीं. वर्दीसाठीं माणूस कधींच चुकलेला नसावा असें नव्हे. चुकल्यावर तो कसा वागला, हें वर्दी पाहते.