हिशेब मागणारी सभा

सरकारी खर्चाचा हिशेब दोन ठिकाणी राहतो. एक कचेरीच्या दप्तरात, आणि दुसरा तो खर्च ज्यांच्यासाठी झाला त्यांच्या घरी. पहिला हिशेब तपासण्याची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत त्यासाठी फडणीस होता, पुढे इंग्रजी अमदानीत महालेखापाल आला. परंतु कागदावर वाटलेले धान्य खरोखर कोणाच्या चुलीवर शिजले, आणि हजेरीपटावर ज्याचे नाव आहे तो मजूर खरोखर कामावर होता काय, हे दप्तर पाहून कळत नाही. ते गावकऱ्यालाच ठाऊक असते. लोकांनी स्वतः करावयाच्या या तपासणीस अलीकडे ‘सामाजिक लेखापरीक्षण’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे आहे. रीत मात्र मराठी मुलखात दीडशे वर्षांची आहे.

तिचा आरंभ पुण्यात झाला, आणि तोही एका देवस्थानाच्या हिशेबावरून. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयी शहरात तक्रारी होत्या. त्या मांडावयाच्या तर मांडणाऱ्यास लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न उभा राहणारच. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने त्याला चोख उत्तर शोधले. निदान पन्नास प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणील त्यालाच सभासद होता येईल, असा नियम तिने केला. आरंभीचे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांच्या सह्या घेऊन आले होते. मतदानाचा हक्क कोणालाच नसलेल्या त्या काळात ही गोष्ट सामान्य नव्हती. गणेश वासुदेव जोशी यांना लोकांनी ‘सार्वजनिक काका’ म्हटले ते याच कामामुळे. न्यायखात्यात नोकरीस असलेले महादेव गोविंद रानडे १८७१ साली पुण्यास आले, आणि सभेच्या उत्साहाला अभ्यासाची जोड मिळाली.

सभेची खरी कसोटी १८७६ साली लागली. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस फसला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांत माणसे गाव सोडून चालू लागली. सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढली. तेव्हा सभेने केवळ अर्ज लिहिला नाही. ठिकठिकाणच्या माणसांकडून तिने माहिती मागविली. धान्याचा भाव काय, कामावर लोक किती, जनावरांची स्थिती काय, हे सारे जुळवून तिने दुष्काळाची निवेदने एकामागून एक सरकारकडे धाडली. सरकारचे अहवाल कलेक्टरच्या कचेरीतून वर जात. सभेचे अहवाल गावाच्या वेशीवरून येत. एकाच दुष्काळाची दोन वर्णने अशी प्रथमच समोरासमोर आली.

१८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांस हिंदुस्थान सरकारने दुष्काळी खर्चाची पाहणी करण्यास पाठविले. काटकसर हे त्यांचे सूत्र होते. दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रक्कम पुरेशी आहे, असे त्यांनी ठरविले. मुंबई इलाख्यात मजुरी घटताच हजारो मजुरांनी कामे सोडली. अर्धपोटी माणसाने हातचे कामही टाकावे, याचा अर्थ सरकारी अहवालात हट्टीपणा असा लागला असता. सभेने त्यातील भूक सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही एवढ्या अन्नावर श्रम करणारा देह टिकणार नाही, असे वैद्यकीय आधाराने सांगितले. विशेष हे की, त्याच वर्षी टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि ज्यांच्या धोरणाचे दोष दाखवावयाचे त्यांच्याकडेच अर्ज करण्याची पाळी सभेवर आली.

या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, आणि १८८३ पासून दुष्काळ-संहिता तयार होऊ लागल्या. कामे केव्हा काढावयाची, मजुरी कशी ठरवावयाची, निराधारांस काय द्यावयाचे, हे लिखित झाले. एकदा नियम लिहिला गेला की तो दाखवून जाब विचारता येतो, हे टिळकांनी नेमके ओळखले. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सभेच्या प्रतिनिधींनी त्या संहितेतील तरतुदी मराठीत गावोगावी समजावून सांगितल्या, आणि ‘केसरी’ने त्या घरोघरी पोचविल्या. यात बंडाची भाषा नव्हती. सरकारचाच कायदा सरकारच्याच रयतेला वाचून दाखविला जात होता. तरीही अधिकाऱ्यांस ते सोसवले नाही. मार्च १८९७ मध्ये सरकारने जाहीर केले की, सार्वजनिक राज्यकारभाराच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा सभेचा अधिकार यापुढे मानला जाणार नाही.

या एका आज्ञेत त्या सगळ्या प्रयत्नाचे मर्म आणि मर्यादा दोन्ही दिसतात. सभेपाशी नियमाचे ज्ञान होते आणि गावातील प्रत्यक्ष माहिती होती. नव्हता तो उत्तर मिळविण्याचा हक्क. सरकारने दार लावून घेतले की बाहेर उभ्या असलेल्या साक्षीदाराचा आवाज आत पोचत नसे.

तो हक्क मिळण्यास पुढे शंभर वर्षे लागली. २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोट किराना या गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरविली. सरकारी कामांचे कागद लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांची नावे त्यांत होती त्यांनीच खरेखोटे सांगितले. २००५ साली माहितीचा अधिकार कायद्याने आला. त्याच वर्षीच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने कामांचे सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेकडे सोपविले. २०११ च्या नियमांनी ही तपासणी काम राबविणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावी, असे बंधन घातले. सरकारी काम हा गरिबाचा कायदेशीर हक्क आहे, ही कल्पना महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेतून आधीच देशापुढे ठेवली होती, हेही येथे स्मरले पाहिजे.

आता छत्तीसगडातील अहिवाऱ्यासारख्या गावाकडे पाहावे. भिलाईच्या पोलाद कारखान्यास चुनखडी पुरविणाऱ्या नंदिनीच्या खाणींशेजारचे हे ठिकाण. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी हा प्रदेश होरपळला तेव्हा तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात मोडत होता. आज अहिवारा नागरी क्षेत्रात आहे. रोजगार हमीचा कायदा ग्रामीण भागापुरता होता. मग येथील नागरिकाने हिशेब कशाचा मागावा? रेशनच्या दुकानाचा. छत्तीसगडाने २००४ मध्ये रेशनची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिला गटांकडे दिली, आणि २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचे २८ वे कलम स्थानिक संस्थांकडून, अथवा राज्य सरकार नेमील त्या संस्थेकडून, या दुकानांचे वेळोवेळी सामाजिक लेखापरीक्षण व्हावे, निष्कर्ष जाहीर व्हावेत आणि त्यांवर कारवाई व्हावी, असे सांगते. हे कलम गाव आणि शहर असा भेद करीत नाही.

तेव्हा कायद्याची उणीव आता नाही. उणीव राहते ती दोन जागी. तपासणी करणाऱ्या यंत्रणेचा पैसा सरकारी तिजोरीतूनच येतो. तो वेळेवर न मिळाला तर कोणतीही बंदी न घालता तपासणी थांबते. आणि तपासणीत दोष सापडला, तरी वसुली व शिक्षा करणे पुन्हा त्याच खात्याच्या हाती असते. १८९७ साली दार उघड लावले गेले. आज ते उघडे ठेवून आत कोणी बसलेच नाही, असे घडू शकते. म्हणून या यंत्रणेस निधीची हमी, निष्कर्षांवर ठराविक मुदतीत लेखी उत्तर आणि साक्ष देणाऱ्या गरीब माणसास संरक्षण, एवढे मिळाले पाहिजे.

सार्वजनिक काकांच्या सभासदास पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र जमवावे लागे. स्वतंत्र भारताच्या नागरिकास त्याची गरज नाही. संविधानाने त्याला तो अधिकार जन्मतःच दिला आहे. रेशनच्या दुकानातील फलक वाचून आपल्या नावावर किती धान्य उचलले गेले, हे त्याने विचारावे आणि त्याचे उत्तर कोणाला तरी द्यावेच लागावे. एवढे झाले, तर कचेरीतला हिशेब आणि घरातला हिशेब एकमेकांशी जुळू लागतील.