पेशींच्या संकेतांकडे जाणारी वाट

निजामी राजवटीत नांदेड-लातूरकडच्या विद्यार्थ्याला विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी प्रामुख्याने १९१८ साली स्थापन झालेल्या, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. पुढे १९५० मध्ये नांदेडला पीपल्स महाविद्यालय, १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. मात्र परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या लातूरच्या अध्यापनपद्धतीने, म्हणजे ‘लातूर पॅटर्न’ने, गुणवंतांना वैद्यकीय प्रवेशाकडे जितक्या निगुतीने वळवले, तितके मूलभूत संशोधनाकडे वळवले नाही.

दरम्यान अशाच मूलभूत संशोधनाची एक शाखा असलेली जीवभौतिकी, म्हणजे सजीवांतील घडामोडींचा भौतिकशास्त्राच्या साधनांनी घेतलेला शोध, पुष्कळ पुढे गेली होती. पेशीला बाहेरून आलेला संदेश तिच्या पटलावरील प्रथिने टिपतात. पण ती इतकी लहान असतात की, १८७३ साली भौतिकशास्त्रज्ञ आबे यांनी दाखवून दिलेल्या मर्यादेनुसार, सुमारे २०० नॅनोमीटरहून जवळ असलेले दोन बिंदू साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला वेगळे दिसत नाहीत. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले सत्यजित मेयर यांनी रजत वर्मा यांच्यासह बंगळुरूत यावर चतुर तोड काढली: प्रथिनांना चकाकणारा रंग जोडला, तर दहा नॅनोमीटरच्या आत असलेले रेणू एकमेकांना ऊर्जा देतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या कंपनांची ठरावीक दिशा, विस्कटते. त्या विस्कटण्यावरून पटलावरील काही प्रथिने सुटी न राहता बारीक पुंजक्यांत वावरतात, असा निष्कर्ष त्यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला.