निशाणी डावा अंगठा

पेशवाईतल्या किंवा त्याआधीच्या महजरांच्या, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांच्या, तळाशी लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या सापडतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. नाव कुलकर्ण्याने लिहायचं आणि शेजारी ज्याच्या त्याच्या हत्याराचं चित्र. नांगर काय, कोणीही काढील. पण खोटा नांगर पचणं कठीण होतं, कारण गोतसभेला बसलेले लोक त्या माणसाला, त्याच्या बापाला आणि त्याच्या बांधाला ओळखत असत. ओळख गावात असे, कागदावर फक्त धंदा. (आणि जातही. तेव्हा या निशाण्यांचं फार कौतुक नको.)

गावाला न ओळखणाऱ्या साहेबाला हे पुरणारं नव्हतं. १८५८ साली बंगालात जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा ठेका राज्यधर कोनाई याला दिला आणि करारावर त्याचा अख्खा पंजा उमटवून घेतला. गंमत अशी, की कोनाईला लिहिता येत होतं. करारनामा त्याच्याच हातचा होता, सही करायला तो सरसावलाही होता. रेषांचं शास्त्र तेव्हा हर्शेलच्या गावीही नव्हतं. उद्या या माणसाला सही नाकारायची छाती होऊ नये, एवढाच हेतू, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. अंगठा निरक्षरांची सोय म्हणून आला असं आपण धरून चालतो, ‘अंगठाबहाद्दर’ म्हणून हसतोही. प्रत्यक्षात तो आला अविश्वासातून, तेही सत्तावनच्या बंडाच्या दुसऱ्याच वर्षी.

१८७७ मध्ये हर्शेलने हुगळीत पेन्शनवाले, दस्त नोंदवणारे आणि तुरुंगातले कैदी अशा तिघांचेही ठसे घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून हे तिघे एकाच शाईत आहेत. ठशांचा ढीग साचला, पण हवा तो ठसा शोधायचा कसा? ते कोडं कलकत्त्यात सुटलं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी १०२४ खणांची वर्गवारी बसवली, आणि ती जगभर गेली ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उभं राहिलं, १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात.

याच हेन्रींचं पुस्तक दक्षिण आफ्रिकेत एका गुजराती बॅरिस्टराच्या हाती पडलं. १९०६ साली तिथल्या ट्रान्सवालच्या सरकारने हिंदी लोकांना नोंदणीची आणि ठशांची सक्ती करायचं ठरवलं. दहाही बोटं फक्त गुन्हेगारांची घेतात, हे गांधींनी त्या पुस्तकात वाचलं होतं. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जी शपथ घेतली गेली, तिच्यातून निघालेल्या लढ्याला पुढे सत्याग्रह म्हणू लागले. गोष्ट इथे सरळ राहत नाही. जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाली आणि आपणहून ठसे द्यायला गांधी तयार झाले. नोंदणीला निघाले असताना मीर आलम या पठाणाने त्यांना रस्त्यात झोडपलं. गांधींनी ठसे दिले ते बिछान्यात पडल्या पडल्या. सरकारने शब्द पाळला नाही, आणि ऑगस्टमध्ये हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून जास्त दाखले जाळले गेले. सक्तीचा ठसा आणि राजीखुशीचा ठसा यांत फरक आहे, असं गांधींचं म्हणणं होतं; मीर आलमला तो पटला नव्हता. मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.

इकडे १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंदलेल्या माणसाचे ठसे केव्हाही घ्यायची मुभा दिली, आणि हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहणाऱ्यांनी गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती. त्या जमातीत जन्म पुरेसा होता. ते कुंपण सुटलं ते स्वातंत्र्यानंतरच.

१९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला: आरोपीकडून ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं का? उत्तर आलं, नाही. एक कारण असं, की ठशाचं मूळ रूप माणसाला बदलता येत नाही. न्यायालयात हा ठशाचा गुण ठरला. इंटरनेटवर तोच दोष आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून आणायचं?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो. ट्रान्सवालमध्ये भांडण झालं ती हीच दहा बोटं. पुढे रेशन दुकानात ‘थंब लावा’ हे रोजचं वाक्य झालं, सिमकार्डही अंगठ्यावर मिळू लागलं. ऊसतोडीने, विटांनी झिजलेली बोटं यंत्राला ओळखू येईनात, तो भाग वेगळाच.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१८ मध्ये आधार चार विरुद्ध एक मतांनी टिकलं, पण खाजगी कंपन्यांना त्याचा आग्रह धरता येणार नाही असं ठरलं. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि बँकांना व मोबाइल कंपन्यांना ‘स्वेच्छेचं’ दार पुन्हा उघडलं. सिमकार्ड हवं असलेल्या माणसाची स्वेच्छा किती असते, हे दुकानात उभं राहिल्यावर कळतं.

त्याच २०१८ साली तेलंगणात एक सिमकार्डविक्रेता पकडला गेला. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे इंटरनेटवर उघडे होते. ते उतरवून त्याने रबरी ठसे केले आणि परक्यांच्या नावावर हजारो सिमकार्डं चालू केली. दस्तावरच्या अंगठ्याची रीत हुगळीत सुरू झाली होती ती खोटेपणा थांबवण्यासाठी.

आधारच्या ॲपमध्ये ठसे कुलूपबंद करायची सोय आहे. ज्यांना जमेल त्यांनी आजच ती वापरावी. कुलूप लावलेलं बोट रेशनचं यंत्र स्वीकारत नाही.