उजेड कुठे पडू नये? मोटारीच्या दिव्याची शंभर वर्षं

किकवीत बसून हेडलाइटवर बोलायचं म्हणजे विषय शोधायला लांब जायला नको. संध्याकाळी सात नंतर पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की झालं. महामार्गाच्या मध्ये दुभाजक आहे. अशा दुभाजकांत कण्हेरीची झाडं लावलेली आपण बघतो. ती शोभेपुरती नसतात, समोरच्या गाडीचा झोत अडवायचं कामही करतात. पण महामार्ग सोडून आत गावाकडे वळलात, की दुभाजक नाही आणि कण्हेरही नाही. तिथे तुमची लाईट आणि समोरच्याचे डोळे, एवढंच उरतं.

आजचं माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. हेडलाइटचा इतिहास हा उजेड वाढवण्याचा इतिहास आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर तो उजेड अडवण्याचा आणि उष्णता काढून देण्याचा इतिहास आहे. उजेड वाढवणं त्या मानाने सोपं होतं.

सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळतो. जत्रेतल्या दुकानांवर असे दिवे पाहिलेले जुने लोक इथे असतील. ज्योत पांढरी आणि प्रखर, पण वारा-पावसाची भीती. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारं स्टार्टर, इग्निशन आणि दिवे एकत्र आणले आणि विजेचा दिवा मोटारीत पक्का झाला. लगेच दुसरी अडचण आली: समोरून येणाऱ्याला काही दिसेना.

त्यावरचं शहाणं उत्तर १९२४ मध्ये जर्मनीच्या ओस्राम कंपनीने दिलं. बिलक्स नावाचा बल्ब. एका काचेत दोन तंतू. अंतर्वक्र आरशाचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत: दिवा नाभीवर ठेवला की किरण समांतर, सरळ जातात. हा झाला अप्पर. दुसरा तंतू नाभीच्या थोडा पुढे आणि त्याच्या खाली धातूची इवलीशी वाटी. वाटीमुळे उजेड फक्त आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून परतून खाली रस्त्यावर जातो. हा डिपर. म्हणजे बघा, डिपर म्हणजे कमी उजेड नव्हे, वाटीने अडवलेला उजेड.

आता आपल्याकडची एक गंमत सांगतो. कित्येक वर्षं आपण हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचो. हेतू चांगला, समोरच्याला त्रास नको. पण आत्ताच म्हटलं ना, डिपरचा उजेड येतो तो आरशाच्या वरच्या भागातून! काळ्या रंगाने आपण नेमका डिपरच मारला. अप्परचा खालच्या अर्ध्या भागातला उजेड मात्र तसाच समोर जात राहिला. ट्रकच्या मागे 'यूज डिपर ॲट नाईट' लिहिलेलं आणि पुढच्या डिपरवर काळा रंग. यात ड्रायव्हरचा दोष नाही. दिवा आतून कसा चालतो हे त्याला कोणी समजावलंच नव्हतं.

त्या काळातल्या स्कूटरही आठवा. सहा व्होल्टची लाईट आणि वीज इंजिनाच्या फिरण्यावर. घाटात वळणावर गाडी हळू केली की लाईट मंद. नेमका जिथे उजेड हवा तिथे तो नाही. मग क्लच दाबून ॲक्सिलरेटर द्यायचा आणि वळण बघून घ्यायचं.

१९५७ मध्ये युरोपात डिपरचा झोत तिरका झाला: समोरच्याच्या बाजूला खाली आणि कडेच्या बाजूला थोडा वर, म्हणजे पायी चालणारा माणूस दिसतो. आपण डावीकडून चालतो म्हणून आपल्याकडे तो डावीकडे चढतो. मग १९६२ मध्ये हॅलोजन आला आणि १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-फोर बल्ब, जो आजही आपल्या कितीतरी गाड्यांत आहे. हॅलोजनची काच अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते. तरच तंतूवरून उडालेलं टंगस्टन काचेवर न बसता परत तंतूकडे जातं आणि काच काळी पडत नाही. उष्णता हा हॅलोजनचा मित्र आहे.

एलईडीचं बरोबर उलटं. जपानी संशोधकांनी निळा एलईडी साधला आणि त्यासाठी तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यातूनच पांढरा उजेड आला. २००७ च्या सुमारास तो महागड्या गाड्यांच्या हेडलाइटमध्ये बसला. वीज कमी खातो, हे खरं. पण खाल्लेल्या विजेचा मोठा भाग उष्णताच होतो, आणि ती साठते नखाएवढ्या चिपच्या पाठीमागे. बल्बची उष्णता उजेडाबरोबर पुढे निघून जायची. एलईडीची पाठीमागून ओढून काढावी लागते. म्हणून मागे ॲल्युमिनियमच्या पात्या, कधी पंखा, आणि फार तापलं तर उजेड आपोआप कमी करणारं सर्किट. उष्णता निघाली नाही तर चिप आधी मंद होते, मग मरते. आणखी एक: पुढची काच तापत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आत धरलेला दमटपणा लवकर सुकत नाही. हवा जाऊ द्यायची पण पाणी नाही, अशी झडप तिथे द्यावी लागते.

हे काम आपल्या राज्यातही चालतं. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय संस्था वाहनांबरोबर त्यांच्या दिव्यांचीही चाचणी करते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हॅरॉकने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा दिव्यांचा जागतिक व्यवसायच विकत घेतला होता. पुढे २०२२ मध्ये त्यातला युरोप-अमेरिकेतला भाग त्यांनी एका फ्रेंच कंपनीला विकला.

आता माझी चूक सांगतो. माझ्या जुन्या गाडीत एच-फोरच्या जागी मी बाजारातला एलईडी बल्ब बसवून घेतला. समोर दिवसासारखा उजेड, मी खूश. त्याच आठवड्यात आतल्या रस्त्यावर सायकल हातात धरून येणारे एक आजोबा डोळ्यांवर हात घेऊन कडेच्या चरात उतरले. मी थांबलो. लागलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बाळा, रस्ताच दिसंना बघ." मी डिपरवर होतो! पण आरसा बनवला होता बारीक तंतूसाठी. एलईडीच्या चिपा पट्टीच्या दोन बाजूंना होत्या, तंतूच्या नेमक्या जागी नव्हत्या. त्यामुळे उजेड वर फुटत होता. चार महिन्यांत तो बल्ब लुकलुकायला लागला, कारण पंखा मागच्या रबरी टोपणात कोंडला होता. झोत आणि उष्णता, दोन्ही हिशेब मी एकाच खरेदीत चुकवले. मूळचा एलईडी दिवा वाईट नसतो. त्याचा आरसा, भिंग आणि पात्या त्याच्यासाठीच घडवलेल्या असतात.

जाता जाता एक घरगुती हिशेब. डिपरचा झोत साधारण दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली उतरावा लागतो. दिवा सत्तर सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोत सत्तर मीटरवर रस्त्याला टेकतो. हा उतार अर्ध्या अंशाहून जरासा जास्त, एवढाच. मागे कांद्याची पोती टाकलीत, गाडीचं नाक वर गेलं, की तो अर्धा अंश संपला आणि झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असतं. ते याचसाठी असतं आणि आपण त्याला कधी हात लावत नाही.

आज घरी गेल्यावर सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, डिपर लावा आणि उजेडाची वरची कड मोजा. ती दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली हवी. वर असेल तर उद्या मेकॅनिककडे जा. काम एका स्क्रूचं आहे.