मोटरीवरचा क्रमांक

21 सप्टेंबर 2017 रोजी संध्याकाळी 7 वाजून 20 मिनिटांच्या सुमारास न्यू यॉर्कमधल्या स्टॅटन आयलंडच्या पूर्वेला, पाण्यापासून सुमारे 300 फूट उंचीवर, अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरवर एक ड्रोन आदळले. वैमानिकाने ते पाहून चुकवायचा प्रयत्न केला, पण वेळ उरला नव्हता. हेलिकॉप्टर न्यू जर्सीतील लिंडन विमानतळावर सुखरूप उतरले. मुख्य पंख्याच्या एका पात्याला दीड इंचाचा पोचा पडला होता. ड्रोनची एक मोटर आणि बाहूचा तुकडा हेलिकॉप्टरमध्येच अडकून राहिला होता.

पुढचा सगळा तपास त्या तुकड्यावर उभा आहे. मोटरीवरचा क्रमांक घेऊन एनटीएसबी, म्हणजे अमेरिकेचे वाहतूक सुरक्षा मंडळ, डीजेआय या उत्पादक कंपनीकडे गेले. विक्रीच्या नोंदींतून फँटम 4 ड्रोनचा मालक सापडला. तपास अधिकाऱ्यांचा फोन येईपर्यंत त्याला टक्कर झाल्याचे माहीतच नव्हते. संपर्क तुटला तेव्हा ड्रोन बिघडून पाण्यात पडले असावे, असे त्याने धरले होते.

त्याने दिलेली उड्डाणाची नोंद हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा दस्तऐवज. ब्रुकलिनमधून निघालेले ड्रोन त्याच्यापासून अडीच मैल लांब, समुद्रावर गेले होते. 7 वाजून 19 मिनिटांनी त्याने परत बोलावण्याचे बटण दाबले आणि ड्रोन माघारी वळले. थोड्याच वेळात बॅटरीचा इशारा आला: आता जेमतेम थेट घरी पोहोचण्यापुरतीच शक्ती उरली आहे. मग नोंद तुटते. हेलिकॉप्टर आणि ड्रोन एकाच उंचीवर आले, त्या क्षणी ड्रोन चालवणाऱ्याचे डोळे टॅब्लेटवर होते. अडीच मैलांवरचे ते यंत्र त्याला नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्यच नव्हते.

त्याचा जबाब नोंदीशेजारी ठेवून वाचला पाहिजे. या भागात हेलिकॉप्टरांची ये-जा असते हे त्याला ठाऊक होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी लागू असलेल्या तात्पुरत्या उड्डाणबंदीची मात्र त्याला कल्पना नव्हती. काही अडचण असेल तर ॲप सांगेल, असे तो धरून चालला होता. ॲपमधली तात्पुरत्या बंदीची सोय त्या काळात कंपनीने बंद ठेवली होती. शिवाय त्याच्या टॅब्लेटला मोबाइल इंटरनेट नव्हते, म्हणजे सोय चालू असती तरी उड्डाणाच्या वेळी ताजी माहिती तिथे पोहोचली नसती. पडद्यावर इशारा नाही, याचा अर्थ त्याने आकाश मोकळे आहे असा घेतला. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करते ती ही समजूत, कारण ती बेफिकीर माणसाइतकीच सरळ माणसाचीही असू शकते. तरी एनटीएसबीने दोष ॲपवर ढकलला नाही, आणि ते योग्यच झाले. ड्रोन जाणूनबुजून नजरेच्या टप्प्याबाहेर नेल्यामुळे हेलिकॉप्टर पाहून टाळता आले नाही, हे कारण त्यांनी नोंदवले. नियमांचे अपुरे ज्ञान त्याला जोडले.

तीनच आठवड्यांनी, 12 ऑक्टोबरला, कॅनडातल्या क्युबेक शहराच्या विमानतळाकडे उतरणाऱ्या किंग एअर विमानाच्या डाव्या पंखावर ड्रोन आदळले. विमानात आठ माणसे होती, सगळी बचावली. उंची सुमारे 1500 फूट. छंदासाठी उडवणाऱ्यांना तेव्हा 300 फुटांची मर्यादा होती. तिथल्या तपासकांच्या हाती वैमानिकांचे सांगणे आणि पंखावरच्या किरकोळ खुणा एवढेच लागले. ड्रोन सापडले नाही, उडवणाराही सापडला नाही. त्यामुळे नियम मोडला हे सिद्ध होते, पण तो का मोडला, त्या माणसासमोरच्या पडद्यावर काय दिसत होते, हे विचारायला समोर कोणीच नव्हते.

अमेरिकेत आता नोंदणी आवश्यक असलेल्या ड्रोनने उडताना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून प्रसारित करायची असते. क्युबेकसारख्या प्रकरणात अशा ओळखीवरून माणसापर्यंत पोहोचता आले असते. स्टॅटन आयलंडची टक्कर मात्र तिने टळली नसती. तिथे ड्रोन डोळ्यांसमोर ठेवूनच उडवायला हवे होते.