श्वासाची नोंद : सेवाग्राम, चूल आणि उशिरा ओळखला जाणारा आजार

मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन सेवाग्रामला जाण्याचा आमच्या विभागाचा जुना परिपाठ आहे. आदिनिवास, बापू कुटी, प्रार्थनेची जागा असा क्रम ठरलेला असतो. बापू कुटीत मुले रेंगाळतात, वह्यांत टिपणे काढतात. बा कुटीपाशी मात्र फारसे कोणी थांबत नाही. एका वर्षी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी तिथे थांबली आणि तिने विचारले, "सर, बा कशाने गेल्या?" मी तत्परतेने उत्तर दिले, "आगाखान पॅलेसमध्ये, कारावासात, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी." परतीच्या प्रवासात माझ्या लक्षात आले, की तिने कारण विचारले होते आणि मी स्थळ व तिथी सांगितली होती. हुतात्म्यांच्या चरित्रांचे वाचन आपल्याला अशीच सवय लावते. मृत्यूचा अर्थ सांगितला, की त्याचे कारण सांगण्याची गरज उरत नाही.

कारण नोंदलेले आहे. कस्तुरबांना श्वासनलिकांच्या दाहाचा जुनाट विकार होता. ऑगस्ट १९४२मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. कारावासात हृदयविकाराची भर पडली आणि अखेरीस न्यूमोनिया झाला. त्यांच्यासोबत स्थानबद्ध असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी या काळाविषयी विस्ताराने लिहिले आहे. कस्तुरबांविषयीच्या आठवणींत एका लहानशा लाकडी मेजाचा उल्लेख येतो. त्यांना आडवे पडले की श्वास घेता येत नसे. म्हणून गांधीजींनी अंथरुणावर ठेवता येईल असे मेज करवून घेतले, त्यावर हात आणि डोके टेकून त्या बसत. पुढे गांधीजी ते मेज स्वतः वापरत राहिले. या प्रसंगाकडे आपण दांपत्यप्रेमाची खूण म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. परंतु पुढे वाकून, हात टेकून बसण्याची ही ढब वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वेगळे काही सांगते. श्वासासाठी झगडणारे शरीर आपोआप असे बसते, कारण हातांना आधार मिळाला की छातीचे आणि मानेचे स्नायू श्वासाच्या मदतीला येऊ शकतात. म्हणजे ते मेज हीसुद्धा रोगाची एक नोंद आहे, आणि ती बरीच उशिराची आहे.

योगायोग असा, की त्याच वास्तूत १९४२च्या उत्तरार्धात गांधीजींनी आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक लिहिले. 'आरोग्याची गुरुकिल्ली' या नावाने ते मराठी वाचकाला परिचित आहे. त्यात हवेविषयी प्रकरण आहे, तंबाखूविषयीही आहे. नाकाने श्वास घ्यावा, मोकळ्या हवेत झोपावे, तोंडावरून पांघरूण घेऊ नये, असा त्यातील उपदेश आहे. निरोगी माणसाने कसे राहावे, हे त्यातून कळते. श्वास बिघडू लागला आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न निराळा आहे, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

या प्रश्नाशी माझे नाते केवळ अभ्यासाचे नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझ्या आत्याने पन्नासहून अधिक वर्षे चूल पेटवली. सरपण म्हणजे कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि पावसाळ्यात गोवऱ्या. तिने आयुष्यात विडी ओढली नाही. साठीच्या आसपास तिने शेतात जाणे सोडले. मग नळावरून पाणी आणण्याचे काम सुनेकडे गेले. मग ती देवळात जाईनाशी झाली. मग भाकरी थापताना मध्येच थांबून भिंतीला टेकू लागली. दर हिवाळ्यात खोकला यायचा, बाटलीतले औषध यायचे, उन्हाळ्यात दोन्ही जायचे. दोनदा छातीचा फोटो काढला, त्यात विशेष काही निघाले नाही. "दम लागते का आत्या?" असे विचारले, की ती म्हणायची, "मले काय होते? वय झालं आता." आम्ही शिकलेली माणसे हे ऐकून निश्चिंत होत असू.

तिच्या उत्तरात खोटे काही नव्हते. ज्या कामांनी दम लागे ती कामे तिने एकेक करून टाकून दिली होती, मग दम लागणार कशाने? हा आजार माणसाला एकदम पाडत नाही. तो त्याचे अंगण लहान करत नेतो. पाहणाऱ्याला ते म्हातारपण वाटते, आणि आपल्या घरांत तर ते सुनेला मिळालेला कारभार किंवा म्हाताऱ्या माणसाला मिळालेली विश्रांतीही वाटू शकते.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला इथे मराठीचाही थोडा दोष दिसतो. 'दम' हा फारसीतून आलेला शब्द आपण इतका आपलासा केला, की त्याचा मूळ अर्थ, म्हणजे श्वास, विरघळून गेला. दम धरणे म्हणजे धीर धरणे, दम देणे म्हणजे धमकावणे, दमदार म्हणजे जोरकस, आणि दमणे म्हणजे थकणे. श्वास अपुरा पडणे आणि अंग थकणे या दोन वेगळ्या अनुभवांना आपण एकाच क्रियापदात बसवले. "मी दमले" असे एखादी बाई म्हणते, तेव्हा तिचे पाय दमले की फुप्फुसे, हे विचारण्याची आपल्याला आठवण होत नाही.

साहित्यानेही फारशी मदत केलेली नाही. क्षयाला साहित्यात एक प्रकारचे तेज मिळाले. १९७८ साली सूझन सोंटॅग यांनी आजारांच्या रूपकांची चिकित्सा केली तेव्हा क्षयाचे हे काव्यमय रूप त्यांच्यासमोर होते. दमेकरी मात्र उपेक्षित राहिला. गोपाळ गणेश आगरकरांचा दमा चरित्रांतून आपल्याला ठाऊक आहे. १८९५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते गेले. परंतु तो एका कर्त्या पुरुषाचा दमा होता, म्हणून नोंदला गेला. ग्रामीण कथेत पडवीत खोकणारी म्हातारी बहुधा वातावरणनिर्मितीपुरती असते. ती का खोकते, हे कथेला जाणून घ्यायचे नसते.

विज्ञानाची नोंदवही तरी निर्दोष होती काय? १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक यांनी एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याच्या संकोचातून कागदाची गुंडाळी लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन यांनी श्वास मोजण्याच्या यंत्राविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. स्पायरोमीटर ते हेच. त्यांनी दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजला. त्यांत खलाशी, पोलीस, छापखान्यातील कामगार, पहिलवान असे बहुतांशी पुरुष होते. १९७७ साली फ्लेचर आणि पेटो यांचा जो प्रसिद्ध निबंध आला, त्यामागे पश्चिम लंडनमधील ७९२ कामगार आणि कारकुनांचा आठ वर्षांचा अभ्यास होता. तेही सारे पुरुषच. या अभ्यासाने एक मोलाची गोष्ट सांगितली : फुप्फुसांची शक्ती वर्षानुवर्षे मुकाट्याने घटत जाते, माणसाला त्रास जाणवतो तो पुष्कळ घट झाल्यावर, आणि धूम्रपान सोडले तर पुढची घट मंदावते. गेलेले परत येत नाही, पण उरलेले राखता येते. लवकर तपासण्याचा सारा आग्रह या एका वाक्यावर उभा आहे. मात्र त्यात धूर होता तो सिगारेटचा. चुलीचा धूर या वहीत अजून यायचा होता.

तो दिल्लीतून आला. लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एस. पद्मावती यांनी फुप्फुसांच्या जुन्या विकारामुळे हृदय निकामी होत गेलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. पाश्चात्य अनुभवानुसार हा पुरुषांचा, धूम्रपान करणाऱ्यांचा आजार असायला हवा होता. इथे स्त्रिया बरोबरीने होत्या, पुरुषांपेक्षा कमी वयाच्या होत्या, आणि त्यांतील फारच थोड्या धूम्रपान करत होत्या. संशयाची सुई स्वयंपाकघराकडे वळली. पुढे २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, तेव्हा जैवइंधनाच्या धुराची बाजू जगासमोर ठळकपणे आली.

वर्ध्याच्या वाचकाला यात एक ओळखीची खूण सापडेल. सुशीला नय्यर याच लेडी हार्डिंगच्या विद्यार्थिनी. कस्तुरबांच्या निधनानंतर सेवाग्रामला त्यांच्याच नावाचे जे रुग्णालय उभे राहिले, ते नय्यरांनी स्त्रिया आणि बालकांसाठी सुरू केले होते. १९६९ साली त्यातूनच देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय साकारले. दुसरी खूण आणखी जवळची आहे. गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, १९३६ साली येऊन राहिले. त्याआधी वर्धा शहरातील मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली सुरू झाले होते. तेलघाणी, हातकागद यांच्यासोबत तिथे चुलीचाही विचार झाला आणि धुराला नळीवाटे छपराबाहेर नेणारी मातीची 'मगन चूल' तयार झाली. धूर हा बाईच्या नशिबाचा भाग नाही, त्याला बाहेरची वाट दाखवता येते, हे या मातीत इतक्या लवकर सुचले होते. तरीही मगनवाडीपासून फार लांब नसलेल्या खेड्यात माझी आत्या बिनधुराड्याच्या चुलीपुढे बसत राहिली. १९८०च्या दशकात सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम आला, २०१६ साली उज्ज्वला योजना आली. आज अनेक घरांत सिलिंडर आहे, आणि परसात पाणी तापवायला चूलही आहे.

सिलिंडर आला म्हणून आधीच्या पन्नास वर्षांचा धूर छातीतून निघून जात नाही. म्हणून प्रश्न विचारावे लागतात, आणि ते नीट विचारावे लागतात. १९५०च्या दशकात ब्रिटिश संशोधकांनी धाप मोजण्यासाठी जी प्रश्नावली रूढ केली, तिची रचना भाषाशिक्षकाने पाहण्यासारखी आहे. चढावर धाप लागते का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालावे लागते का? थोडे अंतर चालल्यावर श्वासासाठी थांबावे लागते का? इथे दम हे नाम बाजूला राहते आणि क्रिया पुढे येते. याला आपण आपल्याकडची भर घालू शकतो : पाणी पूर्वी कोण आणत असे, आता कोण आणते? बाजाराला जाणे कधी सुटले? जिना चढताना बोलणे थांबते का?

याखेरीज ज्या खुणांकडे लक्ष हवे त्या अशा : वारंवार येणारा किंवा महिनोन्‌महिने टिकणारा खोकला, विशेषतः सकाळचा बेडका, दर हिवाळ्यात छातीवर उतरणारी सर्दी, श्वासातली शिट्टी, आणि सोबत धुराची, विडीची, धुळीच्या कामाची किंवा पूर्वी झालेल्या क्षयाची पार्श्वभूमी. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर आधी क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. ती निर्दोष निघाली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. छातीचा फोटो आणि स्टेथोस्कोप दोन्ही सुरुवातीच्या काळात गप्प राहू शकतात. निदानाला लागते ती फुंकण्याची चाचणी, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन नळीत जोराने फुंकायचे आणि संपेपर्यंत फुंकत राहायचे. मग श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढायला देऊन थोड्या वेळाने पुन्हा तेच. एकूण बाहेर आलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा आली, आणि औषधानंतरही तसेच राहिले, तर वाट अरुंद झाली आहे असे समजतात. दम्यात ही वाट बरीचशी पुन्हा मोकळी होऊ शकते, सीओपीडीत ती पूर्ववत होत नाही. उपचार त्यावरून ठरतात. ओढण्याच्या औषधाला आपल्याकडे 'पंप' म्हणतात आणि तो लागला म्हणजे शेवट आला, अशी भीती बाळगतात. ही भीती निराधार आहे. औषध थेट फुप्फुसांत जाते, म्हणून थोडे पुरते.

आत्याला आम्ही चाचणीला नेले तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. तीनदा फुंकून झाल्यावर तंत्रज्ञाने "आजी, अजून जोर लावा" म्हटले, तेव्हा ती हसून म्हणाली, "बापा, चूल फुकून फुकूनच त इथे आली." तिच्या वयाच्या बाईच्या अपेक्षित शक्तीच्या निम्म्याहून कमी उरली होती. औषधाने तिला पुढची काही वर्षे देवळापर्यंत जाता आले. दहा वर्षे आधी नेले असते तर आणखी कुठवर जाता आले असते, हा हिशेब मी अनेकदा मांडतो आणि अर्धवट सोडतो.

पुढच्या सहलीत मी विद्यार्थ्यांना बा कुटीपाशी आवर्जून थांबवले. बा कशाने गेल्या हे सांगितले, त्या मेजाविषयीही सांगितले. आणि निबंधाऐवजी एक काम दिले : घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा, गेल्या पाच वर्षांत कोणकोणती कामे करणे तुम्ही सोडलेत, आणि का. उत्तरे त्यांनी मला दाखवायची नव्हती. त्यांपैकी दोघांनी नंतर सुटी मागितली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, आईला तपासणीसाठी न्यायचे आहे.