गंगावन : उसन्या केसांची गोष्ट

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे होतं. नंतर चहाच्या रांगेत चार-पाच मैत्रिणींनी विचारलं, "अगं, केस किती छान वाढलेत! तेल कोणतं लावतेस?" मी "आईकडचं, घरचं" असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. ती थाप होती. माझ्या पाठीवर रुळणारे ते केस माझे नव्हतेच! हा लेख म्हणजे त्या थापेची कबुली आहे, आणि त्या निमित्ताने केलेल्या थोड्याशा वाचनाचा हिशोबही.

चाळिशी ओलांडल्यावर थायरॉइडने मला गाठलं आणि न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका दिसू लागला. शेवटी एका शनिवारी दुकानातून क्लिपांनी लावायच्या केसांचं पाकीट आणलं. लांबी वीस इंच, वजन १२० ग्रॅम, आणि वर छापलेलं, 'शंभर टक्के मानवी केस'. आरशासमोर पहिला प्रयत्न फसला. क्लिपा कपाळाच्या फार जवळ लावल्या, त्या दिसायला लागल्या. घट्ट बसवल्या म्हणून तासाभरात डोकं ठणकायला लागलं. मग पंधरा वर्षांची लेक मदतीला आली. तिने मागून केसांचे आडवे भाग पाडले, मुळाशी उलटा कंगवा फिरवून क्लिपेला धरायला जागा केली, मानेपासून वर एकेक पट्टी बसवत गेली आणि वरचे माझे विरळ केस त्यावर सोडले. रात्री झोपताना काढायचे आणि रोज त्याच जागी लावायचे नाहीत, नाहीतर ओढ बसून आहेत तेही केस जातात, हे ज्ञानही तिचंच. सगळं झाल्यावर तिने सहज विचारलं, "आई, पण हे केस आहेत कुणाचे?"

अभियांत्रिकीतली डॉक्टरेट अशा वेळी काही कामाला येत नाही. मला उत्तर माहीत नव्हतं.

उसने केस लावणं ही अमेरिकेत येऊन शिकलेली चैन नव्हे. आपल्याकडे त्याला चांगला जुना शब्द आहे, गंगावन. माझ्या आजीच्या ट्रंकेत एक होतं; वर दोऱ्याने बांधलेले तीन पेड, प्रत्येक पेड आपल्या केसांच्या एकेका बटेत मिसळायचा आणि तिपेडी वेणी घालून खाली गोंडा बांधायचा. शेजारच्या कानडी मुलखात याच वस्तूला चवरी म्हणतात. देवावर ढाळायची चवरी वनगाईच्या शेपटीच्या केसांची, त्यावरून हा शब्द आला. आपल्या रंगभूमीवर तर पुरुषच स्त्रिया होत, त्यामुळे उसन्या केसांवाचून नाटक उभंच राहत नसे. बालगंधर्वांनी १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत पाऊल ठेवलं आणि पुढे घरंदाज बायका त्यांचं नेसणं आणि केशभूषा पाहून आपली रीत ठरवू लागल्या. एका पुरुषाच्या डोक्यावरचे उसने केस पाहून खऱ्या केसांच्या बायका शिकत होत्या, ही गंमत मला फार आवडते.

आजीचं गंगावन मात्र विकतचं नव्हतं. विंचरताना निघालेलं गुंतवळ ती वर्षानुवर्षं जपून ठेवी आणि त्यातूनच ते करवून घेतलेलं होतं. उसने, पण स्वतःकडूनच घेतलेले! मी लहानपणी विचारलं होतं, "आजी, गुंतवळ टाकत का नाहीस?" तेव्हा तिने आपल्या आईची गोष्ट सांगितली. माझी ही पणजी विसाव्या वर्षी विधवा झाली. दहाव्या दिवशी न्हावी आला. आजी तेव्हा दोन वर्षांची. संध्याकाळी लाल आलवणातली बाई पाहून ती आईला ओळखेना आणि जवळ जाईना. पणजी हे आयुष्यभर सांगत असे, तक्रार म्हणून नव्हे, जणू दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं.

केशवपनाची ही चाल मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही उच्च जातींत होती. सौभाग्यवतीने प्रयागला वेणीदान करायचं, म्हणजे नवऱ्याने वेणी घालून तिचं दोन बोटं टोक कापून संगमावर वाहायचं, आणि तोच नवरा गेला की सगळेच केस द्यायचे. दोन्ही वेळी केस तिचे, पण निर्णय तिचा नाही.

याविरुद्ध आगरकरांनी लेखणी चालवली हे आपण शाळेत शिकलो. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी काय केलं, हे मात्र माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं ठरवलं. पुढाकार होता जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांचा. ज्या कामाचे पैसे मिळत ते काम अन्यायाचं आहे म्हणून नाकारायचं, आणि तेही पोट हातावर असणाऱ्यांनी. त्याची जात आम्ही खालची मानली, तो माणूस आमच्या घरातल्या बाईच्या बाजूने उभा राहिला. पणजीच्या घरी पस्तीस वर्षांनंतरही कुणी न्हावी आलाच, हेही खरं.

त्याच चालीतून निघून एक बाई थेट अमेरिकेत आली. पार्वतीबाई आठवले या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. जन्म १८७०, ऐन तरुणपणी वैधव्य आणि केशवपन. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पुढे त्यांनी ठरवलं की यापुढे डोक्याला वस्तरा लावायचा नाही, आणि केस वाढू दिले. १९१८ साली, जवळजवळ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी निधी जमवायला त्या या देशात आल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांचं आत्मचरित्र 'माझी कहाणी' १९२८ साली निघालं. आपण एच-वन व्हिसाच्या रांगांच्या आठवणी रंगवून सांगतो. त्यांच्यापुढे आपली हकिकत फारच मऊ गादीवरची म्हणायची.

आता अमेरिकेकडे वळू. ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या ख्रिस्टिना जेन्किन्स या कृष्णवर्णीय बाईंनी स्वतःच्या केसांत दोऱ्याने उसने केस विणून पक्के बसवायची पद्धत शोधली आणि १९५२ साली तिचं पेटंट मिळवलं. आज ज्याला 'वीव्ह' म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. १९६०च्या दशकात इथे टोपांची लाट आली आणि तीत शीतयुद्धही शिरलं. कम्युनिस्ट चीनमधले केस नकोत म्हणून अमेरिकेने त्यांच्या आयातीवर बंदी घातली. त्याचा फायदा दक्षिण कोरियाला झाला. टोप ही त्या देशाची एक मोठी निर्यात बनली, आणि इथे आलेल्या कोरियन कुटुंबांनी टोपांची दुकानं थाटली. आजही कृष्णवर्णीय वस्त्यांतली केसांच्या सामानाची दुकानं बरीचशी कोरियन मालकांची दिसतात, त्यामागे ही हकिकत आहे.

आणि केस? त्यांत भारताचा वाटा फार मोठा. एक वाट देवळातली. तिरुमलेला नवस फेडताना वाहिलेले केस देवस्थान लिलावाने विकतं, २०११ पासून ई-लिलावाने. हे केस एकदम कापलेले, म्हणून सगळ्यांची मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे. केसावर कौलांसारखे सूक्ष्म खवले असतात. ते एकाच दिशेने राहिले तर गुंता होत नाही, म्हणून या मालाला भाव जास्त. दुसरी वाट गुंतवळाची. आपल्या गावांत केसांवर फुगे, सुया, भांडी देणाऱ्या बायका येत, आठवतं? ती गुंतवळं गोळा होत होत कर्नाटकातल्या कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातात. तिथे बायका बसून एकेक केस सोडवतात आणि लांबीनुसार जुड्या लावतात. जानेवारी २०२२ मध्ये भारत सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, ते हे काम देशाबाहेर जाऊ नये म्हणूनच.

माझ्या लेकीचा प्रश्न इथल्या ज्यू बायकांना मात्र केव्हाच पडला होता. सनातनी ज्यू विवाहिता आपले केस झाकतात आणि पुष्कळजणी त्यासाठी टोप घालतात. मे २००४ मध्ये धर्मगुरू एल्याशिव यांनी निर्णय दिला की तिरुपतीचे केस मूर्तिपूजेतले, ते वर्ज्य. ब्रुकलिनच्या रस्त्यांत महागडे टोप जाळले गेले. आपल्या श्रद्धेला कुणी असं म्हणावं याचं वाईट वाटतंच. पण निदान त्यांनी विचारलं तरी, की हे केस आले कुठून.

एका रात्री मी कागद-पेन घेऊन माझ्या परीने हिशोब मांडला. केसाची जाडी साधारण ०.०७ मिलिमीटर, लांबी ५० सेंटिमीटर. तर एका केसाचं वजन सुमारे अडीच मिलिग्रॅम. क्लिपा सोडल्या तरी १२० ग्रॅमचे चाळीस-पंचेचाळीस हजार केस होतात. डोक्यावर असतात लाखभर. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे ही लांबी व्हायला चाळीस महिने. थोडक्यात, माझ्या पाकिटात कुणा एकीच्या जवळजवळ अर्ध्या डोक्याची तीन वर्षांहून जास्त वाढ होती, किंवा शंभरजणींचं गुंतवळ. तिने ते आनंदाने देवाला वाहिले असतील, दोन भांड्यांवर दिले असतील, की कुणी सांगितलं म्हणून दिले असतील? पाकीट बोलत नाही.

मुलीला मी एवढंच सांगितलं, "नाव माहीत नाही, पण बहुधा आपल्याच देशातली कुणीतरी." ती म्हणाली, "मग लपवतेस कशाला?" तिच्या मते मला लाज वाटायची ती चुकीच्या गोष्टीची. केस विरळ झाल्याची लाज नको, आणि ज्या बाईचे केस लावले तिला तेलाच्या नावाखाली गायब करणं तर मुळीच नको.

ते केस मी टाकले नाहीत. टाकून कुणाचंच भलं होणार नव्हतं. दर तीन-चार आठवड्यांनी कोमट पाण्याने हलके धुते, टॉवेलवर आडवे वाळवते, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर सोडवते. संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही लावणार आहे. तेव्हा कुणी तेलाचं नाव विचारलं, तर खरं काय ते सांगेन. मात्र सांगायला थोडा वेळ लागेल, चहाची रांग पुरणार नाही.